भीमेकाठी कापडाची राजधानी

मे १६९५ ते ऑक्टोबर १६९९ अशी साडेचार वर्षं हिंदुस्थानचा कारभार आपल्या सोलापूर जिल्ह्यातून चालला. दिल्ली जागेवर होती, पण बादशहा तिथं नव्हता. तो मंगळवेढे तालुक्यातल्या ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठावर मुक्कामाला होता. काबूलची बातमी इथं यायची, बंगालचा खजिना इथं यायचा, अर्ज इथं वाचले जायचे आणि हुकूम इथूनच सुटायचे. औरंगजेबानं गावाचं नाव बदलून इस्लामपुरी ठेवलं, शेजारी माचणूरला किल्ला बांधला, पण त्या सगळ्या पसाऱ्याला निवारा होता तो कापडाचाच.

सोलापूरहून मंगळवेढ्याच्या रस्त्यानं गेलं की आधी बेगमपूर लागतं. औरंगजेबाच्या घराण्यातल्या एका बेगमेची तिथं कबर आहे. मुक्काम इकडं असताना ती वारली, त्याची मुलगीच होती, असं गावात सांगतात. नदी ओलांडली की माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ, पाण्यात उतरणारा घाट आणि किल्ल्याचे ढासळत चाललेले बुरूज. बादशहानं पिंडीपुढं मांसाचं ताट पाठवलं, वरचं कापड उचललं तर आत पांढरी फुलं निघाली, ही गोष्ट तिथं कुणीही सांगेल. छावणीबद्दल विचारलं तर मात्र लोक नुसते शेतांकडं हात करतात. त्या शेतांत आज ऊस उभा आहे. एका मोठ्या शहराएवढी माणसं जिथं वर्षानुवर्षं जेवली, भांडली, बाळंत झाली, मेली, तिथं दाखवायला म्हणून काही उरलेलं नाही.

या न उरलेल्या गोष्टीची ओढ मला लागली ती मामांमुळं. आमच्या मामांचा मंडपाचा धंदा. लग्नसराईत मांडव, गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरची दुकानं, आणि आषाढात दिंड्यांच्या राहुट्या. सुट्टीत मी त्यांच्या गोदामात कनातींच्या गठ्ठ्यांवर लोळत पुस्तकं वाचायचे. तंबू ठोकणं म्हणजे आधी जमीन वाचणं, हे मला तिथं कळलं. "काळ्या रानात खुंटी सुखानं जाती आन सुखानं निघती," मामा म्हणायचे. "मुरमात जीव काढती, पण एकदा बसली की वादळाला ऐकत नाही." चढ कुठं, ओढा कुठं, वारा कुठून येणार, राहुटीभोवती चर किती खोल मारायची, हे ते ट्रकमधून उतरायच्या आधी ठरवून मोकळे व्हायचे. तेव्हापासून इतिहासात कुठं 'अमक्यानं तमक्या ठिकाणी तळ दिला' असं एक वाक्य आलं की मी तिथं अडकते. लेखक पुढं लढाईकडं निघून जातो. मला मात्र खुंट्या कुणी ठोकल्या हे हवं असतं.

मुघलांच्या बाबतीत त्याचं उत्तर सापडतं, कारण परदेशी प्रवाशांना त्या व्यवस्थेचं फार अप्रूप वाटलं. बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य १६६४च्या अखेरीस औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरच्या वाटेला लागला. त्यानं लिहून ठेवलंय की बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात तो आज झोपायचा, तेव्हा दुसरा उद्याच्या मुक्कामी उभा राहत असायचा. या पुढं जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. तो वाहायला साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल. म्हणजे बादशहा कधीच 'मुक्कामाला पोचत' नव्हता, मुक्काम आधीच तिथं येऊन बसलेला असायचा. मधोमध लाल कापडाच्या कनातींचं आवार, ते गुलालबार. त्याच्या आत बादशाही तंबू, जनाना, दरबार. बाहेर आपापल्या ठरलेल्या बाजूला अमीर-उमराव, त्यांच्यापलीकडं फौज, आणि फौजेच्या अवतीभवती बाजार. मांडणी दर वेळी तीच. त्यामुळं नव्या गावातल्या नव्या माळावरही कुंभाराला, लोहाराला, भिश्त्याला आपली जागा न विचारता सापडायची.

सापडायची, पण उजेड असेतो. संध्याकाळी हजारो चुली एकदम पेटत. ओली लाकडं, शेण, उंटाच्या लेंड्या. तो धूर जमिनीलगत असा बसायचा की हाताला हात दिसू नये. बर्निये स्वतः काही वेळा रस्ता चुकला. अशा वेळी आधार एकच, आकाशदिवा. गलबताच्या डोलकाठीएवढ्या उंच खांबावर रात्रभर जळणारा कंदील. अकबराच्या काळातल्या नोंदीत या खांबाची उंची चाळीस गज सांगितली आहे, आणि तो सोळा दोरांनी ताणून धरलेला. बर्निये त्या दिव्याच्या रोखानं चाचपडत गेला, त्याच्या बुडाशी घोडा बांधला आणि सकाळपर्यंत तिथंच पडून राहिला. मला हा प्रसंग बादशाही दरबाराच्या सगळ्या वर्णनांपेक्षा मोलाचा वाटतो. सोळा दोर म्हणजे सोळा मेखा, आणि वारा सुटल्यावर त्यातला प्रत्येक दोर तपासत फिरणारा कुणीतरी फर्राश, म्हणजे तंबू ठोकणारा नोकर.

ब्रह्मपुरीला येण्याच्या दोनच महिने आधी हा तळ कृष्णाकाठी गलगल्याला होता. तिथं जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी येऊन गेला. त्याच्या अंदाजानं छावणीचा घेर तीस मैल आणि आत अडीचशे बाजार. सोलापूर शहराचा नकाशा डोळ्यांपुढं आणला तरी तीस मैलांचा घेर माझ्या नजरेत मावत नाही. त्याला बादशहा भेटला तो वाकलेला, पांढऱ्या दाढीचा, काठी टेकणारा, पांढऱ्या मलमलीतला म्हातारा. वय ७६. चष्मा न लावता तो स्वतः अर्ज वाचत होता आणि स्वतःच्या हातानं शेरे मारत होता. तो कष्टाळू होता यात शंका नाही. पण त्याच्या कष्टाची किंमत कोण भरत होतं, तो प्रश्न वेगळा.

एवढ्या तोंडांना धान्य यायचं कुठून? यायचं ते बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर गोण्या लादून फौजेच्या मागं-पुढं चालत. लढणाऱ्यांपैकी कुणाचीही बाजू घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. मुघल असोत की पुढं १८०३च्या मोहिमेत वेलस्लीची इंग्रज फौज असो, धान्य पुरवणारे तांडे तेच. आज सोलापूरच्या भोवताली मुळेगाव तांड्यासारख्या कितीतरी वस्त्या आहेत. शाळेच्या इतिहासात या लोकांचा धडा मला कधी सापडला नाही. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर त्यांचा धंदा बसला, आणि मग ज्यांच्या जिवावर राज्यं चालली त्यांना इंग्रजांनी गुन्हेगारांच्या यादीत घातलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली ती अशाच फिरत्या जमातींना डांबण्यासाठी. ज्यांचं आयुष्य मुक्काम उठवण्यात गेलं, त्यांना हजेरी लावून एका जागी बसवलं. याबद्दल बोलताना माझा आवाज आजही शांत राहत नाही.

पुन्हा भीमेकडं येते. नदीकाठी तळ द्यायचं कारण उघड आहे. लाखभर जनावरांना पाणी लागतं. पण आपली भीमा उन्हाळ्यात गुडघाभर आणि पावसाळ्यात अंगावर येणारी. तिचा पाऊस पडतो सह्याद्रीत, इथलं आभाळ मोकळं असतानाही पाणी चढतं. १६९७च्या पावसाळ्यात ती चढली. खाफीखान या मुघल इतिहासकारानं दहा-बारा हजार माणसं बुडाल्याचं लिहिलंय. घोडे, बैल, तंबू, सामान यांची गणतीच नाही. पाणी ओसरावं म्हणून बादशहानं आपल्या हातानं प्रार्थना लिहून ते कागद नदीत सोडले. पुढं १७०० साली माण नदीच्या काठी, सांगोल्याकडच्या खवासपूरला मुक्काम असताना पुन्हा तेच. रात्री पूर आला, धावपळीत बादशहा पडला, उजवा गुडघा निखळला, आणि मरेपर्यंत तो लंगडत राहिला. हा प्रसंग मी मामांना सांगितला तेव्हा ते हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, "अगं, माणच्या पात्राजवळ पाल? कोरडी दिसती म्हणून कोण ठोकतंय का तिथं? गावातल्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं की." खरंच, विचारलं असेल का कुणी? तीस मैलांच्या घेरात एक तरी माणूस भीमेकाठचा असेल, ज्याला पाण्याची चाल ठाऊक होती. त्याचा शब्द गुलालबारच्या आत पोचला नाही.

छावणी अशी वर्षानुवर्षं चालली की तिच्यात एक पिढी वाढते. भीमसेन सक्सेना हा औरंगजेबाच्या फौजेतला कायस्थ कारकून. त्यानं फार करुणपणे लिहिलंय: घरापासूनच्या ताटातुटीला कंटाळून लोकांनी बायका-मुलं छावणीतच आणली. तिथं मुलं जन्मली, मोठी झाली, त्यांनी घर कसं असतं ते पाहिलंच नाही. जगात निवारा म्हणजे तंबू, एवढंच त्यांना माहीत.

अशा मुलांत आपला एक मुलगा होता. शाहू. १६८९च्या नोव्हेंबरात रायगड पडला तेव्हा तो सात वर्षांचा. आई येसूबाईंबरोबर तो कैदेत आला आणि १७०७मध्ये सुटला तेव्हा पंचविशीला टेकला होता. सातव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतचं आयुष्य कनातींच्या आत. ब्रह्मपुरीचा मुक्काम हलला तेव्हा त्याला अठरावं लागलेलं. म्हणजे त्याची पोरवयाची वर्षं, आवाज फुटण्याची, मिसरूड फुटण्याची वर्षं, आपल्या या नदीकाठी गेली. तो या घाटावर आंघोळीला आला असेल का, त्याच्या कानावर मराठी कुणाकडून पडत असेल, पलीकडं पंढरपूर आहे हे त्याला कुणी सांगितलं असेल का? मला माचणूरच्या पायऱ्यांवर बसलं की हेच सुचतं. पुढं हाच माणूस अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वसवतो. दगडा-मातीची घरं, पेठा, पाण्याची सोय. तंबूत वाढलेल्या मुलानं ठाम जमिनीवर केलेलं हे काम मला त्याच्या कुठल्याही लढाईपेक्षा मोठं वाटतं.

आणि ज्यांच्या रानात हा सगळा पसारा उतरला, त्यांचं काय? मनुची या व्हेनिसच्या प्रवाशानं दख्खनच्या या मोहिमांबद्दल लिहिलंय की दर वर्षी लाखावर माणसं आणि तीन लाख जनावरं मरत. फौज पुढं सरकली की मागं झाड नाही, पीक नाही, नुसती हाडं. आकडे त्याचे आहेत, थोडे फुगलेले असतीलही. पण जिथं तीस मैल घेराचा तळ पाच पावसाळे बसतो, तिथल्या कुणब्याकडं पेरायला काय उरत असेल, ते सांगायला आकडा लागत नाही. ज्वारीचं कडबं गेलं, बाभळी गेल्या, बैल गेले. ब्रह्मपुरीच्या शेतात खूण उरली नाही असं मी वर म्हटलं, पण त्या काळी ती खूण लोकांच्या पोटावर होती.

म्हणून मला शिवाजी महाराजांचं १६७३चं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी घोडदळाची छावणी पडली होती. तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं हे पत्र. त्यात ना शौर्य, ना जयजयकार. दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर ऐन पावसाळ्यात संपेल आणि घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडं जाल, कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. असं केलंत तर जे बिचारे घर धरून राहिलेत तेही परागंदा होतील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. पुढं तर राजा थेट चुलीपर्यंत येतो. कुणी आगट्या करील, कुणी वाऱ्याचं भान न ठेवता चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल. गवताच्या गंजीला लागली की सारी छावणी गेली. वात ओढणारा उंदीर! स्वराज्याचा धनी उंदराचा विचार करतोय, कारण त्याला माहीत आहे की छावणी जळली तर पुन्हा उभी करायला लाकूड त्याच कुणब्याच्या रानातून तुटणार. मामांच्या गोदामात हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं, आणि मग कामावरच्या पोरांना हाक मारून तिसऱ्यांदा.

पुढच्या मराठी फौजांनी हे धडे सांभाळले असं म्हणवत नाही. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तळात लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. बायका, यात्रेकरू, दुकानदार. खंदक खणून सगळे आत बसले आणि १४ जानेवारी १७६१ला उपाशी पोटी बाहेर पडले. त्याबद्दल आपल्याकडं इतकं लिहिलं गेलंय की मी इथं थांबते. १८०९ साली ब्राउटन हा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याच्या पत्रांत तळ कसा पडायचा ते बारकाईनं आलंय. बिनीवाला पुढं जाऊन एक लहानसं पांढरं निशाण रोवायचा. ती महाराजांच्या डेऱ्याची जागा. मग एकेका बाजाराची निशाणं एका ओळीत, आणि त्या ओळीचाच रस्ता व्हायचा. शिंद्यांच्या या छावणीकडं मी थोड्या वेळानं परत येणार आहे, कारण तिचं पुढं जे झालं ते आपल्या जिल्ह्यात दर वर्षी दिसतं.

जगात इतरत्रही हेच. रोमन सैनिक दिवसभर चालून आल्यावर आधी खंदक खणत आणि मग जेवत. आठ जणांचा एक चामडी तंबू, आणि मांडणी रोज तीच. स्कॉटलंडमध्ये त्यांच्या एका रात्रीच्या तळांचे चौकोन आजही विमानातून उभ्या पिकात दिसतात. अमेरिकेत लुईस आणि क्लार्क यांची शोधमोहिमेची तुकडी कुठं थांबली होती ते मोंटानात सिद्ध झालं ते पाऱ्यावरून. त्यांच्या औषधी गोळ्यांत पारा असायचा आणि तो शौचाच्या खड्ड्यातल्या मातीत दोनशे वर्षं टिकला. दक्षिण ध्रुवाकडं निघालेल्या शॅकल्टनची बावीस माणसं १९१६मध्ये एलिफंट बेटावर दोन उलट्या होड्यांखाली चार महिन्यांहून जास्त राहिली आणि बावीसच्या बावीस जिवंत परतली. तिथं लुटायला शेजारी कुणब्याचं घर नव्हतं, एवढं मात्र मी लक्षात ठेवते.

शोधासाठी पडलेली एक छावणी आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली, आणि ती कुणाला फारशी आठवत नाही. करमाळा तालुक्यातलं जेऊर. पुणे-सोलापूर रेल्वेवरचं स्टेशन. २२ जानेवारी १८९८ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि सावलीचा पट्टा जेऊरवरून जात होता. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्बेल आपल्या पत्नीसह इथं आले. बरोबर चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा. पुण्याहून कावसजी दादाभाई नेगामवाला आले. सायन्स कॉलेजचे प्राध्यापक, तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ही वेधशाळा त्यांनी जवळजवळ एकट्यानं चालवली होती. माळावर तंबू पडले, यंत्रांचे पाये बांधले गेले. ग्रहणाच्या छावणीत कवायत असते. कुणी काच सरकवायची, कुणी सेकंद मोजायचे, कुणी झाकण काढायचं, याची तालीम पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण खरा प्रसंग सुमारे दोन मिनिटांचा आणि ढग आला तर तोही नाही. त्या दुपारी जेऊरचं आभाळ स्वच्छ राहिलं. सूर्याचा प्रभामंडल काचांवर उतरला.

तो काळ आठवा. प्लेग सुरू होता. आधीच्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. मुंबई इलाख्यात लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहत होते. माणसं जिवाच्या भीतीनं उघड्यावर आलेली, आणि त्याच हिवाळ्यात याच माळरानावर काही माणसं दोन मिनिटांच्या काळोखासाठी समुद्र ओलांडून तंबू ठोकत होती. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडं माणूस आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करत होता. हेच कॅम्बेल पुढं १९२२ला ऑस्ट्रेलियातल्या ग्रहणाला गेले आणि आइन्स्टाइनचं म्हणणं तपासून खरं ठरवणाऱ्यांत त्यांचं नाव लागलं. जेऊरच्या शाळेत नेगामवालांचं एक चित्र आणि चार ओळींची पाटी लागावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. कुणी हे वाचून मनावर घेतलं तर पाटीचा मजकूर मी लिहून देईन.

सोलापूर शहराबद्दल थोडं. मे १८१८मध्ये भुईकोटाच्या आडोशाला पेशव्यांची शेवटची मोठी फौज तळ देऊन होती, गणपतराव पानशांच्या हाताखाली. मन्रो या इंग्रज सेनापतीनं पेठ घेतली, तळ उठला, माघार घेणाऱ्यांचा सीनेच्या बाजूला पाठलाग झाला, आणि काही दिवसांत किल्ला पडला. मग इंग्रजांची छावणी आली, तीही गेली. सदर बझार, लष्कर, मोदीखाना या वस्त्या तेवढ्या राहिल्या. तिथल्या चाळींत आज नांदणाऱ्या लोकांना फौजेशी काही देणंघेणं नाही, आणि तसंच असावं.

आता शिंद्यांच्या छावणीकडं. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतराव पवार शिंदे सरकारांच्या पदरी होते. तिथून ते परतले ते आळंदीला, माउलींच्या पायाशी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली. फौजेतलं सगळं त्यांना पाठ होतं: कूच, मुक्काम, निशाण, घोडे, तंबू, कर्णा. तेच त्यांनी उचललं आणि त्यातलं शस्त्र तेवढं खाली ठेवलं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले, माउलींसाठी तंबू आला. रथापुढं सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. पहाटे कर्णा होतो: पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला उभं राहायचं, तिसऱ्याला चालायचं. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. आपल्या जिल्ह्यातले हे सगळे तळ मी मामांच्या ट्रकमधून पाहिलेत. वारकरी येण्याच्या आधी आमचा ट्रक पोचायचा. बर्नियेचा पेशखाना वाचला तेव्हा मला तो लगेच कळला तो यामुळं.

संध्याकाळी समाज आरती होते. लाखांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो, आरोळी देतो, आणि क्षणात सगळं थांबतं. एखाद्या दिंडीचे टाळ तरी वाजतच राहिले तर त्यांची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आरती होते. एखाद्या सैन्यात शिपायानं वाजवणं थांबवलं नाही तर त्याचं काय झालं असतं? इथं तक्रार करायची रीतच ती आहे. लष्करी छावणीत शिकलेल्या माणसानं हे बसवलं, याचा मला फार आदर वाटतो.

वारी सोसणाऱ्या गावांवर ताण पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तळाच्या आसपासच्या शेतकऱ्याला विचारा. विहिरीचं पाणी, तुडवलेलं रान, आणि उघड्यावरची घाण. अलीकडं फिरती शौचालयं आणि टँकर आल्यापासून पुष्कळ फरक पडलाय, अजून पडायला हवा. मामांचा एक नियम होता: तळ उठल्यावर खुंटीचं प्रत्येक भोक पायानं दाबायचं. बैलाचा खूर त्यात अडकतो म्हणून. कामावरच्या पोरांना घाई असायची, पुढचा मुक्काम गाठायचा असायचा. मामा स्वतः शेवटची ओळ फिरून यायचे.

आणि एक तळ असा आहे की ज्याला शेतकरी स्वतः बोलावतो. दिवाळी होऊन गेली की सांगोला, माळशिरस, मंगळवेढ्याकडं धनगरांचे वाडे फिरताना दिसतात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागं कुत्री, आणि रान भरून मेंढरं. पीक निघालेल्या शेतात ते रात्रीची मेंढरं बसवतात. जाळीचं कुंपण, मधे शे-दोनशे मेंढरं, कडेला तीन दगडांची चूल. लेंडी आणि मूत रानात जिरतं, त्या खताचं मोल म्हणून शेतकरी धान्य देतो, कधी रोख देतो. दुसऱ्या रात्री जाळी थोडी पुढं सरकवतात, म्हणजे सगळ्या शेताला सारखं खत लागतं. माचणूरहून परतताना एका वाड्यापाशी मी थांबले होते. शेताचा मालक आणि वाड्यातली एक वयस्क बाई यांची बोलणी चालली होती. त्याला अजून दोन रात्री मेंढरं हवी होती, खालच्या पट्टीला खत पोचलं नव्हतं.

"अक्का, एवढी खालची पट्टी करून जावा की," तो अजिजीनं म्हणत होता. "ज्वारी वाढवून देतो."

"दादा, ज्वारीचं नव्हं," ती जाळीची गाठ सोडत म्हणाली. "फुडल्या गावाला शबूद दिलाय. त्यांनी बी रान मोकळं ठिवलंय."

"मग येताना?"

"येताना बसू. पर तवर रान नांगरू नगा."